अल्कलॉइड म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द कुठे लावायचा, कुठे नाही

हळद आणि दारुहळद. दोन्ही पिवळ्या, दोन्हींच्या नावात हळद, काष्ठौषधीच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या आरोग्याच्या पोस्टमध्ये दोघींबद्दल एकच वाक्य असतं की यात शक्तिशाली अल्कलॉइड असतं. दारुहळदीबद्दल हे बरोबर आहे, तिचा पिवळा रंग बर्बेरीनचा आणि बर्बेरीन हे पक्कं अल्कलॉइड. हळदीबद्दल मात्र साफ चूक, कारण हळदीला पिवळं करणाऱ्या करक्युमिनच्या रेणूत २१ कार्बन, २० हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असतात, नायट्रोजनचा एकसुद्धा अणू नाही, आणि नायट्रोजन नसेल तर अल्कलॉइड म्हणायचा प्रश्नच येत नाही, विषय तिथेच संपला.

हा शब्द हल्ली सगळीकडे दिसतो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, काढ्याच्या बाटलीवर, यूट्यूबवरच्या घरगुती उपायांमध्ये, आणि कुणी तो "औषधी गुण" या अर्थाने वापरतं तर कुणी "विष" या अर्थाने. दोन्ही चूक. ही केमिस्ट्रीतली वर्गवारी आहे, गुणवत्तेचं सर्टिफिकेट नाही आणि धोक्याची पाटीही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, खास करून बीएस्सी बॉटनी, डीफार्म, बीएएमएसच्या पोरांसाठी आणि जे मराठीत झाडपाल्यावर, आरोग्यावर लिहितात त्यांच्यासाठी.

आधी अर्थ

अल्कलॉइड म्हणजे मुख्यतः वनस्पतीत तयार होणारा, नायट्रोजन असलेला आणि बहुतेक वेळा बेससारखा वागणारा सेंद्रिय पदार्थ. शाळेच्या मराठी पुस्तकात बेसला आम्लारी म्हणतात, मी इथे बेसच लिहितो कारण लॅबमध्ये सगळे तेच बोलतात. हा शब्द १८१९ मध्ये कार्ल माइसनर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने काढला, अल्कलीसारखा वागतो म्हणून अल्कलॉइड. त्याच्या दीडेक दशक आधी सेरट्यूर्नर नावाच्या दुसऱ्या एका जर्मन फार्मासिस्टने अफूतून मॉर्फीन वेगळं काढलं होतं, आणि झाडातून फक्त आंबट ॲसिडच नाही तर ॲसिडला मारणारे पदार्थही निघतात हे तेव्हा लोकांच्या लक्षात आलं होतं. मग रांगच लागली, १८१९ लाच रुंगे यांनी कॉफीतून कॅफीन काढलं, १८२० ला पेलेतिए आणि काव्हंतू या फ्रेंच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं, आणि ज्या ओरस्टेड यांचं नाव आपण दहावीत करंट आणि चुंबकाच्या धड्यात वाचतो त्यांनीच त्याच सुमारास मिरीतून पायपरीन वेगळं केलं.

व्याख्येत "मुख्यतः" आणि "बहुतेक वेळा" असे शब्द आहेत ते उगाच नाहीत. बुरशीतही अल्कलॉइड सापडतात, बाजरीवर, राय धान्यावर येणाऱ्या अरगट बुरशीतली प्रसिद्ध आहेत, काही बेडकांच्या कातडीतही असतात. आणि काही अल्कलॉइड बेस म्हणून अगदीच कमकुवत असतात, कॅफीन त्यातलंच. पण नायट्रोजनला मात्र सूट नाही.

आता नायट्रोजन आहे म्हणजे लगेच अल्कलॉइड असंही नाही हं. डाळीतल्या प्रोटीनमध्ये नायट्रोजन असतो, पानातल्या क्लोरोफिलमध्ये असतो, डीएनएमध्ये असतो, त्यांना कुणी अल्कलॉइड म्हणत नाही. ती झाडाच्या रोजच्या जगण्याची, वाढीची सामग्री. अल्कलॉइड मात्र अशा पदार्थांपैकी, ज्यांच्याशिवाय झाड एरवी वाढू शकतं, त्यांना सेकंडरी मेटाबोलाइट म्हणतात, आणि ते बऱ्याचदा किडे, जनावरं, बुरशी यांच्यापासून बचावासाठी असतात. तंबाखूचं झाड निकोटीन करतं ते आपल्या तलफेसाठी नाही, पानं खाणाऱ्या किड्यांसाठी, म्हणूनच तर पूर्वी निकोटीन सल्फेट कीटकनाशक म्हणून फवारायचे.

बेस म्हणजे काय ते तळहातावर बघा

अल्कलॉइड बेससारखं वागतं हे पाठ करून काही कळत नाही, पण तंबाखू मळणारा माणूस बघितला की कळतं. तंबाखूच्या पानात निकोटीन मोकळं नसतं, ते मॅलिक, सायट्रिक अशा सेंद्रिय ॲसिडांना धरून मिठाच्या रूपात असतं, आणि या रूपातलं निकोटीन पाण्यात विरघळतं पण गालाच्या आतल्या अस्तरातून सहज पार होत नाही. आता तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतली, डबीतून बोटाच्या टोकावर चुना घेऊन त्याला लावला आणि अंगठ्याने मळायला सुरुवात केली, की चुना हा जोरदार बेस असल्यामुळे तो त्या ॲसिडांना स्वतःकडे ओढतो आणि निकोटीन सुटं होतं. सुटं निकोटीन चरबीत विरघळणारं, ते ओठाखालून, गालातून झपाट्याने रक्तात जातं. चुन्याशिवाय तंबाखू "लागत" नाही असं खाणारे म्हणतात त्याच्यामागे हीच केमिस्ट्री आहे, आणि तोंडाची साल निघण्यात चुन्याचा वाटा असतो तो वेगळाच.

पानातल्या सुपारीचंही तसंच. सुपारीत अरेकोलीन हे अल्कलॉइड असतं, चुन्याबरोबर चघळताना त्यातलं काही मोडून अरेकायडीन होतं, आणि दोन्हींचा परिणाम मेंदूवर होतो, अंगात जरा गरमी आणि तरतरी येते ती त्यामुळे. इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं कौतुक आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, देवाच्या पूजेत सुपारी आहे, लग्नाची बोलणी सुपारी फोडून पक्की होतात, ते सगळं ठीक. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाच, म्हणजे तंबाखू न घातलेल्या सुपारीलासुद्धा, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारी खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, दोन बोटं आत जात नाहीत, तो आजार डेंटिस्टकडे रोज दिसतो. "तंबाखू नाही हो, साधी सुपारीच आहे" हे वाक्य म्हणून मला पटत नाही.

आणि हाच चुन्याचा डाव लॅबमध्ये अल्कलॉइड बाहेर काढायला वापरतात. पावडर चुन्याने किंवा अमोनियाने ओली करायची, अल्कलॉइड सुटं होतं, मग ते सॉल्व्हंटमध्ये ओढून घ्यायचं, नंतर त्यात पातळ ॲसिड घालून हलवलं की अल्कलॉइड पुन्हा मीठ होऊन पाण्याच्या थरात उतरतं आणि तेल, मेण, रंग सॉल्व्हंटमध्येच राहतात. परत बेस घातला की परत सुटं. ॲसिडमध्ये पाण्याकडे, बेसमध्ये तेलाकडे, एवढं एक डोक्यात बसलं की एक्स्ट्रॅक्शनची अर्धी प्रॅक्टिकलं आपोआप समजतात.

नाव आणि चव यांच्या भरवशावर राहू नका

कॅफीन, निकोटीन, मॉर्फीन, क्विनीन, पायपरीन, अल्कलॉइडांच्या नावाच्या शेवटी हा "ईन" येतो, ती पद्धतच आहे. म्हणून लोक "इन" दिसलं की अल्कलॉइड समजतात. इथेच फसायला होतं. करक्युमिन नाही, टॅनिन नाही, पेक्टिन नाही, क्वेरसेटिन हे फ्लॅवोनॉइड, एरंडीच्या बीतलं रिसिन जहाल विष आहे पण ते प्रोटीन, पपईच्या चिकातलं पपेन हे एन्झाइम. गंमत म्हणजे पपेन आणि पॅपॅव्हरीन ही नावं ऐकायला जवळची, पण पॅपॅव्हरीन अफूतलं अल्कलॉइड आहे. तर नाव हा फक्त संशय घ्यायला उपयोगी, निकाल द्यायला नाही. निकाल फॉर्म्युला बघून. पुस्तकात किंवा नेटवर रेणूसूत्र शोधायचं आणि त्यात नायट्रोजन आहे का बघायचं, कॅफीनमध्ये चार आहेत, निकोटीनमध्ये दोन, पायपरीनमध्ये एक. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि प्रोजेक्टमधल्या बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात.

नावावरून दुसरी एक गोष्ट मात्र कळते, अल्कलॉइड कुठून आलं किंवा कुणाच्या नावाने आलं. पायपरीन मिरीच्या पायपर या शास्त्रीय नावावरून, निकोटीन ज्यां निको या फ्रेंच राजदूतावरून. आणि अजमलीन हे हकीम अजमल खान यांच्यावरून, सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून ते वेगळं काढलं आणि आपल्या मार्गदर्शकाचं नाव दिलं.

चवीचंही तसंच. पुष्कळ अल्कलॉइड कडू असतात हे खरं, क्विनीन कडूजहर आहे, कुड्याच्या सालीचा काढा ज्याने जुलाबावर घेतलाय त्याला कोनेसीनची आणि त्याच्या भावंडांची चव सांगायला नको. पण कडू ते सगळं अल्कलॉइड नव्हे. कारल्याचा कडूपणा ट्रायटर्पीन जातीच्या पदार्थांचा, कडुनिंबाचा लिमोनॉइडांचा, किराईताचा ॲन्ड्रोग्राफोलाइडचा, आणि यातल्या एकातही नायट्रोजन नाही. कडू दुधी भोपळ्याचा रस पिऊन लोक दगावल्याच्या घटना आपल्या देशात झाल्यात, आयसीएमआरने त्यावर तज्ज्ञांची समितीही नेमली होती, तो प्रकार कुकुर्बिटॅसिन या कडू पदार्थांचा, आणि त्यांतही नायट्रोजन नाही. बातमीत त्याला कुणी "विषारी अल्कलॉइड" लिहिलं तर ते चूक, पण दुधीचा रस काढण्याआधी एक फोड चाखून बघायची आणि कडू लागली तर थुंकून सगळाच दुधी फेकून द्यायचा हे मात्र शंभर टक्के बरोबर.

हिरवा बटाटा

स्वयंपाकघरातलं सगळ्यात कामाचं उदाहरण हेच. बटाट्यात सोलॅनीन आणि चॅकोनीन अशी दोन अल्कलॉइड असतात, त्यांना साखर चिकटलेली असते म्हणून ग्लायकोअल्कलॉइड म्हणतात. बटाटा उजेडात पडून राहिला की साल हिरवी होते, आणि लोक म्हणतात "बघ, सोलॅनीन आलं". हिरवा रंग सोलॅनीनचा नाहीच मुळात, तो क्लोरोफिलचा, साधा पानातला हिरवा रंग, निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने क्लोरोफिल तयार होतं त्याच उजेडाने सोलॅनीनही वाढतं, म्हणून हिरवेपणा ही सूचना समजायची. लिहिताना "हिरव्या रंगाचं सोलॅनीन" असं लिहू नका, "हिरवा पडलेल्या बटाट्यात सोलॅनीन वाढलेलं असू शकतं" असं लिहा, केवढा फरक आहे बघा.

हे अल्कलॉइड साल, डोळे आणि कोंब यांच्यात सगळ्यात जास्त असतं, गरात कमी. म्हणून थोडा हिरवा असेल तर जाड साल काढून, डोळे कोरून वापरता येतो, सगळाच हिरवा किंवा भरपूर कोंब आलेला, सुरकुतलेला असेल तर टाकून द्यायचा. उकडून किंवा कुकरला लावून ते जात नाही, एवढ्या तापमानाला त्याला काही होत नाही. किलोमागे २०० मिलिग्रॅम ही मर्यादा साधारण सगळीकडे धरतात, चांगल्या बटाट्यात त्याच्या खूपच कमी असतं. भाजी कडसर लागली किंवा घशाशी जळजळली तर ताट बाजूला ठेवा, संपवायच्या मागे लागू नका. आणि बटाटे कांद्याच्या टोपलीत खिडकीशी ठेवण्यापेक्षा गोणपाटात, अंधारात ठेवा.

औषध की विष, हा प्रश्नच अर्धवट

धोत्रा घ्या. महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो तोच. त्यात ॲट्रोपीन, हायोसायमीन, स्कोपोलामीन. धोत्र्याच्या बिया पोटात गेल्या तर तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो, जीवही जाऊ शकतो. आणि तेच ॲट्रोपीन डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायला थेंबांत असतं, आणि कपाशीवर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फरस औषधाची बाधा झालेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात आणलं की पहिलं इंजेक्शन ॲट्रोपीनचंच देतात, त्यावर त्याचा जीव वाचतो. रेणू तोच. फरक किती दिलं, कसं दिलं, कुणाला दिलं याचा. म्हणून "अल्कलॉइड शरीराला चांगलं की वाईट" असा प्रश्न कुणी विचारला की आधी विचारायचं, कोणतं, किती, झाडाच्या कुठल्या भागातलं आणि कशासाठी.

सर्पगंधेची गोष्ट मुंबईची आहे म्हणून सांगतो. रुस्तम जाल वकील हे केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनी ब्लड प्रेशरच्या पेशंटना सर्पगंधा देऊन निरीक्षणं केली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख छापला. तोपर्यंत पाश्चात्त्य डॉक्टरांना या मुळीची फारशी दखल नव्हती. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पीन वेगळं काढलं आणि ब्लड प्रेशरच्या औषधांचा सगळा चेहराच बदलला, डॉ. वकिलांना १९५७ चा लॅस्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पीनने काही पेशंट खूप उदास व्हायचे हेही पुढे दिसलं. इथे शब्द वापरताना लक्षात ठेवायचं ते असं की सर्पगंधा म्हणजे रिसर्पीन नव्हे, त्या मुळीत पन्नासच्या आसपास वेगवेगळी अल्कलॉइड आहेत, मुळीची पावडर आणि रिसर्पीनची गोळी यांना एकच समजून लिहिलेलं वाक्य चुकीचंच होणार.

सदाफुलीचं तर अंगणातलंच उदाहरण. मूळची मादागास्करची, आपल्याकडे गुलाबी-पांढरी सगळ्या दारात. डायबिटीसवर तिची पानं चावतात, अजूनही. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे १९५० च्या दशकात तिचा डायबिटीसवरचा गुणच तपासत होते, साखरेवर विशेष काही दिसलं नाही पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या, आणि त्यातून व्हिनब्लास्टीन सापडलं, पुढे व्हिन्क्रिस्टीन, जे लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही देतात. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे चार पानं चावून कॅन्सर बरा होणार नाही, आणि ज्या झाडातून पांढऱ्या पेशी मारणारं औषध निघतं त्याची पानं रोज सकाळी उपाशीपोटी चावणं हेही शहाणपणाचं नाही.

आणि नरक्या. हे झाड सह्याद्रीतलं, महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यातलं, उग्र घाणेरडा वास, म्हणून जळणालासुद्धा कुणी फारसं विचारायचं नाही. त्याच्या लाकडात आणि मुळात कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड असतं. ते पहिल्यांदा सापडलं चीनच्या एका झाडात, १९६६ मध्ये, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांना, आणि हे वाणी म्हणजे १९२५ साली आपल्या नंदुरबारात जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकून गेलेले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. त्यापासून केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर वापरतात. मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली, ट्रक भरभरून लाकूड गेलं, ज्या माणसांनी तोडलं त्यांच्या हाती किलोमागे चिल्लर आली. मला या झाडाबद्दल फार वाटतं, कारण नंदुरबारच्या माणसाने शोधलेला रेणू आपल्याच डोंगरात उभा होता, आणि आपल्याला तो कळेपर्यंत कुऱ्हाड पोचली होती.

केमिस्ट्रीच्या दृष्टीने कॅम्प्टोथेसिन अवघड उदाहरण आहे, कारण ते जवळपास बेस नाहीच. तरी ते अल्कलॉइड धरतात, कारण त्यात नायट्रोजन रिंगमध्ये, म्हणजे अणूंच्या बंद कड्यात, आहे आणि झाड ते ट्रिप्टोफॅन या अमिनो ॲसिडपासून बनवतं. याच वॉल-वाणी जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना दिली, त्यातही एक नायट्रोजन आहे, पण तो बाजूच्या साखळीत, आणि मुख्य सांगाडा टर्पीनचा, म्हणून त्याला बहुतेक जण डायटर्पिनॉइडच म्हणतात. तर अशा सीमेवरच्या पदार्थांसाठी तज्ज्ञांनी तीन खण केलेत: अमिनो ॲसिडपासून बनलेलं आणि नायट्रोजन रिंगमध्ये असेल ते खरं अल्कलॉइड, अमिनो ॲसिडपासून बनलेलं पण नायट्रोजन रिंगबाहेर असेल ते प्रोटो, जसं एफेड्रीन, आणि सांगाडा दुसरीकडून येऊन नायट्रोजन नंतर चिकटला ते स्यूडो, जसं सोलॅनीन, कॅफीनलाही यातच बसवतात. मिरचीच्या तिखटातलं कॅप्सायसिन कुणी अल्कलॉइड म्हणतं, कुणी नाही, त्यावर परीक्षेत भांडू नका, तुमच्या पुस्तकात असेल ते लिहा आणि ते अमाइड आहे एवढं जोडा.

लेबल वाचताना

डबीवर "अल्कलॉइडयुक्त" लिहिलंय आणि कोणतं ते लिहिलेलं नाही, तर ती माहिती नाही, जाहिरात आहे. नाव आणि टक्केवारी दोन्ही हवी. अश्वगंधेच्या डबीवर विथॅनोलाइडची टक्केवारी असते, विथॅनोलाइड हे स्टेरॉइडल लॅक्टोन आहेत, अल्कलॉइड नाहीत, अश्वगंधेत अल्कलॉइडही असतात पण ती टक्केवारी त्यांची नव्हे. "करक्युमिन विथ पायपरीन" कॅप्सूलमध्ये अल्कलॉइड आहे ते मिरीचं, आणि ते करक्युमिन जास्त शोषलं जावं म्हणून घातलेलं असतं. पायपरीन दुसऱ्या औषधांचंही शरीरातलं गणित बदलू शकतं, म्हणून रोजच्या गोळ्या चालू असतील तर अशी कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. बर्बेरीनच्या गोळ्या हल्ली वजन कमी करायला ऑनलाइन खूप खपतात, त्यांनाही हेच लागू, आणि गरोदर बायकांनी त्या घेऊच नयेत.

मराठीत लिहिताना

हा शब्द नपुंसकलिंगी चालतो, ते अल्कलॉइड, ती अल्कलॉइडं, जुन्या पुस्तकांत अल्कलॉइडे. क्षाराभ वगैरे प्रतिशब्द टाळा, शाळेत क्षार म्हणजे मीठ शिकवतात आणि बोलताना लोक बेसलाही क्षार म्हणतात, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. झाडाचा भाग नेहमी लिहा, "धोत्र्यात" नाही तर "धोत्र्याच्या बियांत". मेथीबद्दल लिहिताना "मेथीच्या दाण्यात ट्रायगोनेलीन हे अल्कलॉइड आणि डायोसजेनिन हे सॅपोजेनिन असतं" असं दोन्ही वेगळं काढून लिहा, सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नका. चहाचं लिहायचं तर "चहाच्या वाळलेल्या पत्तीत साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं, तुरटपणा मात्र पॉलिफेनॉलचा" हे वाक्य बघा, त्यात आकडा कशाचा आहे, पत्तीचा की कपातल्या चहाचा, ते स्पष्ट आहे. टक्के लिहिले आणि कशाचे ते लिहिलं नाही तर आकडा न लिहिलेला बरा.

लॅबमध्ये टेस्ट करताना

प्रोजेक्टमध्ये "अल्कलॉइड प्रेझेंट" असं लिहायचं असेल तर टेस्ट नीट करा. वाळवून बारीक केलेली पावडर दोन-तीन ग्रॅम घ्या, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून वॉटर बाथवर थोडा वेळ गरम करा, थंड झाल्यावर गाळा, गाळलेला द्राव स्वच्छ पाहिजे, गढूळ असेल तर परत गाळा कारण पुढचा सगळा खेळ गढूळपणा ओळखण्याचाच आहे. तो द्राव टेस्ट ट्यूबमध्ये वाटून घ्या आणि एका ट्यूबमध्ये नुसतं पातळ ॲसिड ठेवा, तुलनेला. मग थेंब थेंब रिएजंट, म्हणजे ओळख पटवणारं रसायन, प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळं. मायरने मलईसारखा पांढरट अवक्षेप, ड्रॅगेनडॉर्फने नारिंगी ते विटकरी, वॅगनरने लालसर तपकिरी, हेगरने पिवळा. एकाच टेस्टवर निकाल देऊ नका, निदान दोन-तीन जुळल्या पाहिजेत, कारण ड्रॅगेनडॉर्फला प्रोटीनसुद्धा अवक्षेप देतात आणि हिरव्या पानांच्या कच्च्या अर्कात प्रोटीन असतातच.

चहा-कॉफीवर मायर टेस्ट करून "कॅफीन नाही" असं लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. कॅफीन मायरला दाद देत नाही, त्याच्यासाठी म्युरेक्साइड टेस्ट वेगळी आहे. टेस्ट निगेटिव्ह आली तर "अल्कलॉइड नाही" असं न लिहिता "या टेस्टमध्ये आढळलं नाही" असं लिहा. पॉझिटिव्ह आली तरी कोणतं ते या टेस्ट सांगत नाहीत, त्याला टीएलसी (मिश्रणातले पदार्थ पातळ थरावर वेगळे करायची पद्धत) किंवा पुढची मशीनं लागतात, तेव्हा अवक्षेप बघून रिपोर्टमध्ये "रिसर्पीन आढळलं" असं बिनधास्त ठोकून देऊ नका.

मायरच्या रिएजंटमध्ये पारा असतो. ट्यूब बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत, वेगळी बाटली ठेवायची, तिच्यावर पाऱ्याचा कचरा असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहायचं आणि भरली की लॅब असिस्टंटच्या ताब्यात द्यायची. हेगरमध्ये पिक्रिक ॲसिड असतं, ते सुकलं की स्फोटक, तर कपाटात मागे पडलेली, तोंडाशी पिवळे खडे जमलेली बाटली दिसली तर झाकण फिरवून बघू नका, आधी सरांना बोलवा.